फुवा आणि निशाणाचा डोंगर

आमचे फुवा कागदावर डोंगर जितक्या वेळा चढले तितक्या वेळा कोणी पायांनी चढला असता, तर सातपुड्याचा तेवढा तुकडा झिजून तापीच्या पातळीला आला असता. यात थट्टेचा भाग थोडा असेल, पण खोटं काही नाही. त्या एका दिवसाच्या सहलीची तयारी त्यांनी अकरा वर्षं केली. योगायोगानं मीही तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि घरी आलेल्या कुणी माझं वय विचारलं की आई पीठ मळता मळता सांगायची, "दाजीस्ना डोंगरइतली."

फुवा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. तळोद्यात दोन्ही घरं एकाच गल्लीत, मध्ये एक चिंच. फुवा सरकारी मोजणीदार होते. शेतं मोजायची, बांध ठरवायचे, हद्दीचे दगड बसवायचे आणि भावाभावांना एकमेकांच्या अंगावर जाऊ न देता परत यायचं, ही त्यांची नोकरी. अंगानं सडपातळ, रंगानं उन्हात भाजलेले, डोक्याला पटका, कोटाला एकही बटण कधी कमी नाही. नोकरीची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की आम्ही सगळे घरात अहिराणी बोलायचो आणि फुवा एकटे कचेरीतलं मराठी बोलायचे. जेवताना म्हणायचे, "सदरहू भरीत उत्तम झालेलं आहे, आणखी थोडं दाखल करा." फुई मुकाट्यानं वाढायची. तिला त्या भाषेची सवय झाली होती, जशी एखाद्या बाईला नवऱ्याच्या घोरण्याची होते.

लांबी ते साखळीत सांगायचे. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. विहीर किती लांब आहे असं कुणी वाटसरूनं विचारलं, तर फुवा डोळे बारीक करून सांगायचे, "नऊ साखळ्या, वर एक पाऊल," आणि त्या माणसाला साखळी म्हणजे काय ते ठाऊक नसलं तर ते स्वतः त्याच्याबरोबर मोजत चालत जायचे आणि "पाहा, वर एक पाऊल" म्हणून परत यायचे. वाकडी गोष्ट त्यांना बघवायची नाही. माझ्या एका चुलत मावशीच्या लग्नात वऱ्हाड दारात, भटजी घटका बघतायत, आणि फुवा मांडवाच्या कोपऱ्यात दोरी धरून उभे. म्हणाले, "मांडव काटकोनात नाही." माझे वडील, आबा, हात जोडून म्हणाले, "दाजी, आते राहू द्या." पण फुवांनी दोन माणसांना हाताशी धरून खांब उपटला आणि दीड हात सरकवून पुन्हा रोवला. वर होता रनाळ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो हे सगळं बघत उभा राहिला आणि पुढे जन्मभर आपल्या सासरची माणसं फार हुशार असतात असं सांगत राहिला.

आता तो डोंगर. तळोद्याच्या उत्तरेला सातपुड्याची पहिली रांग आहे, तिच्या एका टोकावर दगडांचा रचलेला, माणसाच्या छातीइतका बुरूज होता. फार पूर्वी मोजणीखात्यानं खूण म्हणून तो बांधला होता, म्हणून लोक त्याला निशाणाचा डोंगर म्हणायचे. फुवा ऐन तारुण्यात साहेबाबरोबर साखळी धरून एकदा तिथे गेले होते. तिथून अर्धा जिल्हा तळहातासारखा दिसतो, असं ते सांगायचे. फुवा दिवाळीनंतर मोजणीच्या मुक्कामावर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. वर्षाचे सात-आठ महिने कधी या गावच्या चावडीत, कधी त्या गावच्या आंब्याखाली. फुई घरीच. माझ्या जन्माच्या सुमाराला एकदा ती म्हणाली, "तुम्ही वरीसभर जातस कोठे, ते माले एकदाव दखाडा." फुवा म्हणाले, "अवश्य. सर्व मंडळींनी मिळून निशाणाच्या डोंगरावर जाऊ. एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. फक्त तयारी करावी लागेल."

आणि तयारी सुरू झाली. अडचण एवढीच, की फुवा घरी असायचे पावसाळ्यात. तेव्हा डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर नाले भरलेले, वर चिखल, जळवा. वाट सुकली की फुवा मुक्कामावर. म्हणजे तयारीला चार महिने आणि जायला एकही दिवस नाही, असा त्या बेताचा दरसालचा हिशेब. पण फुवांचा उत्साह कमी झाला नाही. आषाढ लागला की पेटीतून नकाशा निघायचा. मोठ्या कागदावर, लाल शाईनं वाट, निळ्या शाईनं पाणी, हिरव्यानं सावली. गल्लीतून कुणी पायरीवर टेकलं की फुवा त्याला नकाशा दाखवायचे. एकदा राजस्थानाकडून आलेला कापडवाला शेजारी कापडाचं माप द्यायला आला, तो दोन तास बसून वाट पाठ करून गेला आणि माप द्यायचं विसरला.

नकाशासोबत नऊ कलमांचे नियम होते. दर चाळीस साखळ्यांना शिट्टी होईल, तेव्हा सर्वांनी बसावं. बसलेल्यांनी विनाकारण बोलू नये. वाटेत बोरं दिसल्यास परतीला घ्यावीत. सामानाची यादी सत्तावीस कलमांची. त्यात दशम्या, चटणी, कांदे, दोर, सुईदोरा, चुन्याची डबी, आणि दिवसाउजेडी जायचं असूनही एक कंदील. "कंदील कसाले?" असं आबांनी विचारलं तेव्हा फुवा म्हणाले, "ग्रहण लागल्यास." नववं कलम असं होतं: मंडळींपैकी कोणीही बसकण मारल्यास सर्वांनी तिथूनच परत फिरावं, वाद घालू नये.

हे नववं कलम कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फुईच्या डाव्या पायात लहानपणच्या तापानं उणेपण आलं होतं. ती चालायची, विहिरीचं पाणी आणायची, दळण न्यायची, पण जरा कलून, आणि हळू. गावातल्या बायका म्हणायच्या, ही काय डोंगर चढणार. तिच्या एकटीमुळे बेत फिसकटला असं तिला वाटू नये म्हणून फुवांनी कायदाच करून ठेवला होता. एवढंच नाही. एका पावसाळ्यात उघडीप पडली तेव्हा त्यांनी सगळ्यांना गल्लीत चालायला लावून प्रत्येकाचं पाऊल मोजलं. आबा, आई, मी, फुई, एकामागून एक, खाली पायांकडे बघत, चिंचेपासून पाणपोईपर्यंत आणि परत. समोरच्या घरची गुजर म्हातारी ओट्यावर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "काय हारपनं व?" आई म्हणाली, "अक्कल." फुवांनी वहीत लिहिलं. आबांचं पाऊल एकोणतीस इंच, आईचं बावीस, माझं वीस, फुईचं अठरा. आणि पुढे सगळ्या वाटेचा वेळ त्यांनी अठरा इंचांनी काढला.

फुई या सगळ्याला हसायची, पण एका श्रावणात तीही कंटाळली. फुवा नव्या कागदावर लाल वाट काढत होते. तिनं दळणाची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "कागदवर डोंगर चढी चढी मन्हा पाय दुखी गयात." फुवांनी टाक बाजूला ठेवला. म्हणाले, "पेन्शनीत निघालो की पहिल्या हिवाळ्यात." मग टाक पुन्हा उचलला.

पेन्शनीत ते निघाले. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. हिवाळा आला, वाट सुकली, आणि फुवा घरात. आता कोणतंच कारण उरलं नाही, तर ते कारणं शोधू लागले. आधी म्हणाले थंडी फार आहे. मग म्हणाले गवत उंच आहे, कापणी होऊ द्या. मग कोटाच्या कोपराला भोक पडलं. आम्हाला वाटलं, स्वभाव. तयारीची चटक लागलेल्या माणसाला निघणं जिवावर येतं, एवढंच. शेवटी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फुईनं त्यांना न विचारता आबांना गाडी जुंपायला सांगितली, पहाटे उठून दशम्या केल्या, आणि पायात जुनी वहाण घालून गाडीत जाऊन बसली. फुवा दारात उभे राहिले. "यादी तपासायची आहे," म्हणाले. फुई म्हणाली, "मी चालसू, तुम्ही मोजा. बठा." फुवा बसले. कंदील मात्र घेतलाच.

डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर वेस्ता आमची वाट बघत होता; फुईनं त्याला आधीच निरोप धाडला होता. वेस्ता भिल्ल. वीस वर्षं त्यानं फुवांच्या साखळीचं दुसरं टोक धरलं होतं. तेहतीस फुटांवरून एकमेकांशी बोलायची सवय असल्यामुळे दोघं जवळजवळ उभे राहिले तरी ओरडून बोलायचे. "वेस्ता, वाट आहे का?" फुवा ओरडले. "वाट शे, दादा!" वेस्ता त्यांच्या कानाशी ओरडला. "डोंगर बी शे!"

पहिल्या चाळीस साखळ्या आम्ही नियमानं चाललो. फुवा पुढे, गळ्यात पितळी शिट्टी, ओठ हलतायत, पावलं मोजतायत. शिट्टी झाली, आम्ही बसलो, विनाकारण बोललो नाही. दुसऱ्या शिट्टीला आईला बोरीचं झाड दिसलं. परतीला घ्यायची हे कलम तिनं तोंडात बोर ठेवूनच मान्य केलं. तिसऱ्या शिट्टीला आबांच्या पायात काटा गेला, आणि सुईदोऱ्यातली सुई खरोखर उपयोगी पडल्यामुळे फुवांना जो आनंद झाला तो बघून आबांनी कण्हणं बंद केलं. साग पानं गाळत होते. त्या मोठ्या वाळक्या पानांवर पाय पडला की कुणी पापड मोडल्यासारखा आवाज यायचा, आणि त्यामुळे फुवांची मोजणी चुकायची. ते थांबून आमच्याकडे वळून म्हणायचे, "हळू. मी दोनशे सतरावर आहे." वेस्ता म्हणायचा, "दादा, डोंगर पळी नही जात." फुई कलून, काठी टेकत, एका चालीनं येत होती. घामानं तिचं कपाळ चमकत होतं, पण चाल मोडली नव्हती.

अर्ध्याच्या वर, जिथून खडी चढण सुरू होते तिथे, शिट्टी झाली नाही. मी वर बघितलं तर फुवा एका दगडावर बसले होते. पटका मांडीवर, तोंड पांढरं, एक हात गुडघ्यावर. शिट्टी फुंकायला त्यांच्या छातीत वाराच नव्हता. सगळ्यांची पावलं त्यांनी मोजली होती, स्वतःचं मोजलं नव्हतं. त्यांच्या वहीत त्यांचं पाऊल तीस इंच होतं, पण ते साहेबाबरोबर आले तेव्हाचं. पंचावन्न वर्षांचा माणूस तरण्या पोराच्या पावलांनी चढत आला होता आणि गुडघ्यानं तिथे राजीनामा दिला होता.

वेस्तानं भोपळ्याच्या तुंबडीतलं पाणी दिलं. आईनं पदरानं वारा घातला. जरा रंग परतला तसे फुवा म्हणाले, "कलम नववं. सर्वांनी परत फिरावं." आवाज बारीक होता, पण भाषा कचेरीतलीच. आबांनी फुईकडे बघितलं. ते लगेच मान्य करणार होते; त्यांच्या पायात काट्याची जागा अजून ठणकत होती. मी रडायच्या बेतात आले. इतकी वर्षं ऐकलेला डोंगर, आणि त्याचा बुरूज वर दिसत होता, अगदी जवळ, हात वर केला तर लागेल असा.

फुई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. म्हणाली, "ते कलम मन्हासाठे व्हतं. मी कोठे बसनी?"

मग ती फुवांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "उठा. मन्हा मांगे चाला. मी पाय ठेवसू तठे पाय ठेवा. मोजू नका."

फुवांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ते कलमाचा अर्थ समजावून सांगतील. पण ते उठले. पटका बांधला नाही, हातातच घेतला. वेस्तानं शिट्टी त्यांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली, गुपचूप. आणि मग ती चढण आम्ही अठरा इंचांनी चढलो. पुढे फुई, कलून, काठी टेकत. मागे फुवा, तिनं पाऊल उचललं की तिथेच आपलं ठेवत. त्यांच्या मागे आबा, आई, मी. इतकं हळू मी जन्मात कधी चालले नव्हते, आणि इतक्या हळू चालूनही आपण वर जातच राहतो याचं मला फार नवल वाटत होतं. फुवांचे ओठ एकदा हलले. फुईनं मागे न बघताच म्हटलं, "मोजू नका." ते थांबले.

वर वारा होता. बुरुजाचे दोन-चार दगड ढासळले होते, बाकीचा उभा होता. आणि खाली सगळं होतं. मी तोवर कधी उंचावरून काही बघितलं नव्हतं. काळी-पिवळी शेतं, गोधडीसारखी. मध्ये तळोद्याची झाडं. आणि फार दूर, ऊन पडलेली, एका जागी चमकणारी तापी. आबा आणि आई दशम्यांचं फडकं सोडायला लागले. वेस्ता सावलीत जाऊन आडवा झाला. मी भुकेली होते पण फुईजवळच बसले, कारण फुवा आता तिला गावं दाखवणार होते आणि अकरा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

त्यांनी दाखवली. बोट लांब करून, एकेक. इथे एक हिवाळा, तिथे दोन. त्या वडाखाली तंबू. त्या गावच्या पाटलानं दिलेलं दूध. फुई ऐकत होती, "हं" म्हणत होती. मग एका जागी तिनं मध्येच विचारलं,

"ती चिठ्ठी तुम्हले कोठे भेटनी?"

कुठली चिठ्ठी ते मला कळलं नाही. नंतर आईनं सांगितलं. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी फुईला एक मुलगी होती, दीड वर्षाची. फुवा मुक्कामावर असताना ती तापात गेली. आजोबांनी कोतवालाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, आणि फुवा आले तेव्हा सगळं होऊन एक दिवस उलटला होता. गावात लोक बोलले, मोजणीपुढे याला पोरीचं काय. फुईनं ते ऐकलं होतं. तिनं नवऱ्याला कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं.

फुवांचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी ते तापीच्या पलीकडे नेलं, चमकणाऱ्या पाण्याच्याही पुढे, जिथे शेतं आणि आभाळ धुरकट होऊन एक होत होती.

"तठे," ते म्हणाले. "रनाळानी शिवमा."

फुवांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली. ते खाली मान घालून बोलत होते. "चिठ्ठी सांजले उनी. मी तशाच निंघनू. पायेपाय उनू. तापीवर नाव नही व्हती. रातभर काठवर बसनू. नाववाला सकाये उना."

फुई त्या धुरकट जागेकडे बघत राहिली. नंतर तापीकडे. मग तिनं नजर हळूहळू अलीकडे आणली, शेतांवरून, तळोद्याच्या झाडांपर्यंत, जणू ती वाट तिनं स्वतः चालून बघितली. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता, तो तिनं धरला नाही.

"दूर शे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "भलतं दूर शे. माले कोनी सांगं नही."

"तू इचारं नही."

"मी बी इचारं नही."

आईनं हाक मारली. आम्ही जेवलो. फुवांनी चार दशम्या खाल्ल्या, आणि चटणी संपल्यावर फडक्याला लागलेली चटणीही खाल्ली. आबांनी तापीकडे हात करून विचारलं, "दाजी, हाई किती साखळ्या व्हई?" फुवा म्हणाले, "माहीत नाही." आबांचा घास हातातच राहिला. हे दोन शब्द त्या घरात कुणी ऐकलेले नव्हते.

उतरताना काही विशेष झालं नाही. आईनं ओटीभर बोरं घेतली. पाड्यावर वेस्ताच्या बायकोनं आम्हाला ताक दिलं, आणि फुई तिच्याशी इतका वेळ बोलत बसली की आबांनी बैल दोनदा सोडले आणि दोनदा जुंपले. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती, तरी हसणं पुरं चाललं होतं.

अकरा वर्षं फुवा तो बेत का लांबवत होते, हे मला त्या दिवशी उमगायचं नव्हतंच. पुढे मी सासरी गेले, माझं स्वतःचं घर झालं, नवऱ्याबायकोत न विचारलेल्या गोष्टी किती वर्षं पडून राहू शकतात ते कळलं, तेव्हा कधीतरी भाकरी थापताना उमगलं. तोपर्यंत दोघंही गेले होते. आधी फुई, आणि पुढच्या हिवाळ्यात फुवा.

पण परतीची ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. उन्हं कलली होती, धुळीनं सगळं पिवळं झालं होतं. त्या काळी चारचौघांत नवऱ्याशेजारी बायको बसायची नाही, बसली तरी मध्ये एखादं गाठोडं असायचं. फुई बसल्या बसल्या झोपली, आणि गाडीच्या एका हिसक्यानं तिचं डोकं फुवांच्या खांद्यावर गेलं. आईनं चटकन माझं तोंड रस्त्याकडे वळवलं. आबा बैलांच्या शेपट्यांकडे बघायला लागले. मी आईच्या हाताखालून बघितलं. फुवा ताठ बसले होते, कोट चुरगळत होता, आणि ते जराही हलत नव्हते. वेशीजवळ रस्ता खराब होता. तिथे आल्यावर त्यांनी मोकळा हात पुढे केला, आबांच्या पाठीला हलकेच लावला, आणि अगदी हळू म्हणाले, "आस्ते चाल भो. ती निजेल शे."